मुलीचं फिजिक्स आणि आईची टेप

वाचकाचं पत्र, थोडक्यात: तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलं आहे. त्या घरी ब्लाऊज आणि ड्रेस शिवतात, पती टेम्पो चालवतात. मुलगी नववीत, सेमी इंग्रजीत. तिला नर्स व्हायचं आहे. पहिल्या सत्राच्या परीक्षेत विज्ञानाच्या पहिल्या भागात ४० पैकी १३ गुण मिळाले. "हिला फिजिक्स झेपणार नाही, पुढे आर्ट्सचा विचार करा," असं शाळेत सांगितलं गेलं. क्लासवाले वर्षाचे १८ हजार मागतात. ताई लिहितात: "तिची आकडेमोड बरोबर असते, पण एककं चुकतात किंवा ती लिहीतच नाही. एककांचा तक्ता मी रोज पाठ करून घेते. सकाळी येतो, संध्याकाळी विसरते. मी दहावीपर्यंत शिकले, माझं सगळं आयुष्य इंचात गेलं. मी तिला काय शिकवणार? कर्ज काढून क्लास लावू, की नाद सोडून देऊ?" सोबत उत्तरपत्रिकेच्या दोन पानांचे फोटो आहेत.

ताई,

तुमचं पत्र मी एकदा वाचलं आणि मग बराच वेळ त्या दोन फोटोंपाशी बसले. तीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे, त्यामुळे उत्तरपत्रिका हातात आली की आधी गुण नाही, चूक कुठे झाली ते शोधते. तुमच्या लेकीची तीन गणितं चुकली आहेत. ती तिन्ही तुमच्यासमोर मांडते, कारण "झेपणार नाही" हे खरं की खोटं ते तिथेच कळतं.

पहिलं. गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाते आहे, तर २० सेकंदांत किती अंतर जाईल? तिने ५४ गुणिले २० केलं, उत्तर १०८० आणि पुढे "मीटर". गुणाकार अचूक आहे. पण ५४ हे तासाचे किलोमीटर होते आणि २० होते सेकंद.

दुसरं, आठवीतल्या दाबाच्या धड्याची उजळणी. खोक्याचा तळ ५० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद. क्षेत्रफळ २००० चौरस सेंटिमीटर, अगदी बरोबर. मग त्याचे चौरस मीटर करायला तिने १०० ने भागलं आणि लिहिलं २०.

तिसरं. २५० ग्रॅमचं पुस्तक २ मीटर उचललं, कार्य किती? तिने २५० गुणिले ९.८ (हा पृथ्वीच्या ओढीचा आकडा) गुणिले २ केलं. उत्तर ४९००. पुढे काहीच लिहिलेलं नाही.

ताई, जिला फिजिक्स झेपत नाही त्या मुलीला सूत्र आठवत नाही, कशाला कशाने गुणायचं ते कळत नाही. हिला सूत्र येतं, कशात काय घालायचं ते येतं, गुणाकारही येतो. तिन्ही ठिकाणी तिने एकच केलं आहे: एककं दाराबाहेर ठेवली आणि नुसते आकडे आत नेले. ही सवयीची चूक आहे, आणि ती तिला आम्हा शिक्षकांनीच लावलेली असते.

मीही लावली आहे. उत्तराच्या पुढे एकक नसेल तर लाल पेनने "एकक?" असं लिहून अर्धा गुण कापायचा, हे मी कित्येक वर्षं केलं. एकदा एका मुलाला जवळ घेऊन विचारलं, तू लिहीत का नाहीस? तो म्हणाला, "बाई, शेवटी कुठलं लावायचं ते आठवत नाही." त्याच्या "लावायचं" या शब्दाने मी थबकले. घडी घातलेल्या कापडाला किमतीची चिठ्ठी लावावी तसं त्याला एकक वाटत होतं. आणि तसं वाटायला मीच जबाबदार होते, कारण मी ते फक्त शेवटी बघत होते.

आता एककाबद्दल. आपल्या भाषेत हा शब्द फार सुंदर आहे. पहिलीत तुमच्या लेकीने एकक, दशक, शतक म्हटलं तेव्हा एकक म्हणजे एकेक सुटी वस्तू. मोजमापातलं एककही तेच आहे. "तीन मीटर" म्हणजे एक मीटर, असे तीन. नुसतं "तीन" म्हटलं तर तीन काय? लिंबं, दिवस, की मैल?

हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, आणि इथे तुमच्या दुसऱ्या समजुतीशी मी भांडणार आहे. "मी तिला काय शिकवणार" म्हणता. समजा, परदेशातल्या एखाद्या गिऱ्हाइकाने फोनवर माप पाठवलं: छाती ९०. तुम्ही कात्री चालवाल का? तुमचा हात आपोआप थांबेल. ९० इंचाचा ब्लाऊज कुणाला येतो? हे सेंटिमीटर असणार, म्हणजे साडेपस्तीस इंचाच्या आसपास. ताई, आकडा बघून "हे काहीतरी गडबड आहे" असं वाटणं, तेच तर फिजिक्सला हवं असतं. तुमच्या लेकीच्या उत्तरपत्रिकेत ते नाही, तुमच्यात आहे.

शिवाय तुमचं आयुष्य नुसत्या इंचात गेलेलं नाहीच. ब्लाऊज पीस तुम्ही ८० सेंटिमीटरचा घेता आणि मुंढा, बाही, गळा इंचात बेतता. गिऱ्हाईक नऊवारीला फॉल लावायला आणतं. त्यातला वार ३६ इंचांचा, म्हणजे साधारण ९१ सेंटिमीटर. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरला थोडंसं कमी. सहावारी साडेपाच मीटर. दिवसातून दहा वेळा तुम्ही एका पद्धतीतून दुसरीत जाता आणि कापड वाया जात नाही. तुमच्या टेपच्या एका बाजूला इंच आहेत, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. ती टेप लेकीच्या गळ्यात घाला.

मग पाठांतराचं काय? तक्ता संध्याकाळी विसरतो, कारण तो पाठ करण्यासारखा नाहीच. पाठ करावं लागायचं ते आपल्या आजीच्या काळात. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. शेराचे ८० तोळे, मणाचे ४० शेर. धान्याला चिपटं, मापटं, शेर, पायली. ती मात्र आकारमानाची मापं, हा शेरसुद्धा, त्यामुळे पायलीभर ज्वारी आणि पायलीभर भात यांचं वजन सारखं भरत नसे. या गावचं माप त्या गावी चालेलच असंही नव्हतं. हे ओझं उतरवायलाच १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले आणि १९६२ पर्यंत देशभर तीच पद्धत झाली. बोलताना आपण अजून "सोळा आणे खरं" म्हणतो, पण सोळाने भागायची वेळ आता कुणावर येत नाही.

मेट्रिक पद्धतीत मुळात तीन शब्द कळले की पुष्कळ झालं. किलो म्हणजे हजारपट, सेंटी म्हणजे शंभरावा भाग, मिली म्हणजे हजारावा भाग. पुढे मीटर जोडा, ग्रॅम जोडा, लिटर जोडा, अर्थ बदलत नाही. चौथा शब्द हवा असेल तर तो तुमच्या सातबाऱ्यावर आहे. हेक्टो म्हणजे शंभर, म्हणून हेक्टर म्हणजे १०० आर. एक आर म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, १०० चौरस मीटर. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे जवळजवळ १०१ चौरस मीटर. गुंठा आणि आर इतके सख्खे शेजारी आहेत हे मुलांना कुणी दाखवत नाही याची मला फार हळहळ वाटते.

आता त्या खोक्याच्या तळाकडे या. १ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, मग १ चौरस मीटर म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर, असं तिला वाटलं. ही चूक दरवर्षी निम्मा वर्ग करतो, आणि तोंडी सांगून ती जात नाही. कापडावर जाते. आज काम आटोपलं की जुन्या चादरीवर खडूने एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा चौकोन आखा. पुठ्ठ्याचा १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापा. तो खालच्या कडेला कडेकडेने ठेवत जायला सांगा. एका ओळीत दहा बसतात. अशा ओळी किती? दहा. म्हणजे शंभर तुकडे. आता एकच तुकडा हातात घ्या आणि त्यावर सेंटिमीटरच्या रेघा आखायला लावा. त्यात शंभर बारके चौकोन निघतात. शंभर तुकडे, प्रत्येकात शंभर. दहा हजार. तिने १०० ने नाही, १०,००० ने भागायचं होतं. उत्तर ०.२ चौरस मीटर. मग तिला विचारा, तुझे २० चौरस मीटर म्हणजे केवढं? साधारण २१५ चौरस फूट. चांगल्या ऐसपैस खोलीएवढा तळ असलेलं खोकं! ती आपणहून हसेल, आणि पुढच्या वेळी हात थांबेल.

रविवारी त्याच पुठ्ठ्याचं १० सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असं वरून उघडं खोकं चिकटवा. आत प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि लिटरच्या बाटलीतलं पाणी ओता. काठोकाठ भरेल. आतली जागा १००० घन सेंटिमीटर, म्हणजेच एक लिटर, आणि त्या पाण्याचं वस्तुमान एक किलो. हा योगायोग नाही, ते तसंच ठरवलं होतं. १७९० च्या दशकात फ्रान्समध्ये उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असं ठरलं. म्हणून तर पृथ्वीचा घेर जवळपास ४०,००० किलोमीटर असा गोल आकडा येतो. त्या मीटरवरून लिटर आला आणि लिटरभर पाण्यावरून किलो. पुढे धातूचा प्रमाण किलो आला, त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या धातूच्या तुकड्यावर नाही, निसर्गातल्या एका स्थिरांकावर आधारलेली आहे. हे परीक्षेला येवो न येवो, लेकीला सांगा. या गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालून उभ्या आहेत हे दिसलं की तक्त्याची भीती जाते.

एका ठिकाणी मात्र घोळ आपल्या बोलण्यातच आहे, तिथे मुलांचा दोष नाही. आपण म्हणतो "वजन पाच किलो". पुस्तक म्हणतं ते वस्तुमान, वजन न्यूटनमध्ये लिहा. बाजारात कुणी न्यूटनने बटाटे मागत नाही, मग मूल गोंधळणारच. त्यासाठी १०० ग्रॅमची साबणाची वडी घ्या. तिच्यातलं द्रव्य १०० ग्रॅम, ती चंद्रावर नेली तरी तेवढंच. ती तळहातावर ठेवल्यावर पृथ्वी तिला खाली ओढते, तो जो भार हाताला लागतो ते बल, आणि तो साधारण एक न्यूटन आहे. चंद्रावर तो सहावा भागच लागेल. आता तीच वडी एक मीटर वर उचला: एक ज्यूल कार्य झालं. एका सेकंदात उचललीत तर एक वॅट शक्ती. एका वडीत तीन एककं हाताला कळली. मग इस्त्रीकडे बोट दाखवा. १००० वॅटची इस्त्री तासभर चालली की विजेच्या बिलावर एक युनिट, म्हणजे ३६ लाख ज्यूल.

साबणाची वडी कळली की तिसरं गणित आपोआप उलगडतं. पाव किलोचं पुस्तक दोन मीटर उचललं तर पाच ज्यूलच्या आतबाहेर यायला हवेत. ४९०० ज्यूल म्हणजे २५० किलो, ५० किलोच्या तांदळाच्या पाच गोण्या दोन मीटर वर चढवल्यासारखं. ते गणित वहीत असं दिसायला हवं:

२५० ग्रॅम = ०.२५ किलोग्रॅम
०.२५ किलोग्रॅम × ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग × २ मीटर = ४.९ ज्यूल

सुरुवातीच्या "दिलेले आहे" पासून शेवटपर्यंत एकही आकडा एकटा सोडायचा नाही. वेळ जातो अशी तक्रार ती पहिले आठ दिवस करेल, करू द्या. एककं ओळीत असली की वर-खाली सारखी आलेली काटता येतात, आणि उरेल ते उत्तराचं एकक. पहिल्या गणितात ५४ किलोमीटरचे ५४,००० मीटर, तासाचे ३६०० सेकंद, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. २० सेकंद गुणिले १५ मीटर प्रति सेकंद: सेकंदाने सेकंद काटले, ३०० मीटर राहिले. "शेवटी कुठलं लावायचं" हा प्रश्नच उरत नाही. नववीत बलाचं डाइन आणि कार्याचं अर्ग ही छोटी एककंही येतात, तेही याच रीतीने सुटतात. १ न्यूटनमध्ये १ लाख डाइन, कारण किलोचे १००० ग्रॅम आणि मीटरचे १०० सेंटिमीटर, त्यांचा गुणाकार लाख. १ ज्यूलमध्ये आणखी एक मीटर आला, म्हणून आणखी शंभरपट, १ कोटी अर्ग.

सेमी इंग्रजीत आहे म्हणून एक जास्तीची काळजी. चिन्हांत छोटा "एम" एकटा असला तर मीटर, दुसऱ्या एककाच्या आधी असला तर मिली, आणि मोठा "एम" म्हणजे मेगा, दहा लाखपट. किलोचा "के" छोटा, तापमानाच्या केल्विन या एककाचा मोठा. तिच्या वहीतली चिन्हं या नजरेने एकदा बघा.

ती खचली असेल तर तिला कॅनडातली एक खरी हकिगत सांगा. २३ जुलै १९८३ रोजी तिथल्या एका मोठ्या विमानाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. लिटरचे किलो करायच्या जागी हिशेबात लिटरचे पौंड करणारा आकडा वापरला गेला, आणि विमान निम्म्याहून कमी इंधन घेऊन उडालं. हवेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत तरंगत गिमली नावाच्या गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, सगळे वाचले. गुणाकार तिथेही बरोबरच होता.

आणि तिला नर्स व्हायचं आहे, म्हणून हे जास्तच मनावर घ्या. घरातली तापाच्या औषधाची बाटली काढा. त्यावर लिहिलेलं असतं: दर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम, दुसऱ्या बाटलीवर १२५. मिलिलिटर हे द्रवाचं माप, मिलिग्रॅम हे त्यातल्या औषधाचं. दोन बाटल्यांतून सारखाच चमचा भरला तर एका बाळाला दुप्पट औषध जाईल. इन्सुलिनची लाल टोपणाची सिरिंज दर मिलिलिटरला ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी, नारिंगी टोपणाची १०० युनिटच्या. नर्सच्या हातात दिवसभर हेच असतं. तुमची लेक आज शिकते आहे ते तिच्या कामाचं आहे, नुसत्या गुणांचं नाही.

आता तुमचा प्रश्न. क्लासच्या मी विरोधात नाही, पण कर्ज काढून आत्ता नको. जिथे भराभर गणितं सोडवून घेतात तिथे ती हीच चूक अधिक वेगाने करायला शिकेल. चार आठवडे घरी द्या, रोज अर्धा तास. रोज तीनच गणितं, प्रत्येक ओळीत एकक, आणि उत्तर आल्यावर एकच प्रश्न: "हे एवढं असू शकेल का?" हा प्रश्न विचारायला तुम्हाला फिजिक्स यायला नको. चार आठवड्यांनी हीच तीन गणितं आकडे बदलून द्या. तरीही अडलं, किंवा धड्यातली कल्पनाच कळत नाही असं दिसलं, तर फक्त विज्ञानापुरता क्लास बघा, वर्षाचं पूर्ण पॅकेज नको.

शाळेत पुन्हा जा, उत्तरपत्रिका बरोबर घेऊन. "हिला जमेल का?" असं विचारू नका, त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळतं. "हा गुण कशाबद्दल गेला?" असं एकेका गणितावर बोट ठेवून विचारा. गेलेल्या २७ गुणांतले किती एककांनी खाल्ले ते समजलं की शिक्षकांचंही मत बदलू शकतं, माझं बदललं होतं.

आर्ट्सला जाणं ही शिक्षा नव्हे. तिला इतिहास किंवा भाषा आवडली तर खुशाल जाऊ द्या. पण बीएस्सी नर्सिंगसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. नववीच्या एका सत्रावरून ते दार बंद करू नका. तो निर्णय दहावीनंतरचा आहे.

असंच आयटीआयला जाणारी मुलं आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंही विचारतात, त्यांनाही हेच. मुलांनो, तुमच्यासाठी एक पक्की खूण: ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. ३६ ला १०, ५४ ला १५, ७२ ला २०.

आणि ताई, हे काम एकट्या तुमचं नाही. पुढच्या सुट्टीला तिला टेम्पोत बाबांच्या शेजारी बसवा, हातात सेकंद दाखवणारं घड्याळ द्या. रस्त्याकडेला किलोमीटरचे दगड असतात, आपण त्यांना अजून मैलाचे दगड म्हणतो. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत किती सेकंद लागले ते तिने मोजायचं. १०० सेकंद लागले तर वेग ताशी ३६, ६० लागले तर ताशी ६०. यांच्या मधला आकडा आला तर तिने वेग कागदावर काढायचा, एककांसकट. तोवर टेम्पोच्या वेग दाखवणाऱ्या काट्याकडे बघायचं नाही. उत्तर काढून झालं की बाबांना विचारायचं. काय आकडा आला तो मला कळवा.